त्यानंतर

चरित्रकोशातल्या नोंदीला शब्दमर्यादा असते. बहुतेकांना दोनशे शब्द, मोठ्या नावाला चारशे, आणि ज्याचे पुतळे उभे आहेत अशाला फार तर सहाशे. जन्म, शिक्षण, कार्य, ग्रंथ, सन्मान, मृत्यू हा क्रम ठरलेला. गेली बरीच वर्षं मी अशा नोंदी लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या तपासते. नोंदी अकारविल्हे लागतात, त्यामुळे माझ्या टेबलावर माणसं कशीही शेजारी येऊन बसतात. गणितज्ञाला खेटून गायिका, तिच्यामागे कुस्तीगीर, मग एखादा धर्मगुरू, मग शल्यविशारद. या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पण एक शब्द सगळ्यांच्या नोंदींत हटकून येतो. ‘त्यानंतर’.

‘१८५३ मध्ये ते व्हिएन्नाहून परतले. त्यानंतर त्यांनी अध्यापन केले. १८६५ मध्ये त्यांनी आपला निबंध वाचला.’

हे आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल या मठवाशाबद्दलचं लिखाण. व्याकरण शुद्ध, सनावळी बरोबर, कुणाची हरकत असायचं कारण नाही. फक्त १८५३ आणि १८६५ यांच्यामध्ये बारा वर्षं आहेत आणि ती सगळीच्या सगळी ‘त्यानंतर’ या एका शब्दात गेली आहेत. मी स्वतः हा शब्द किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. तो सोयीचा आहे. जागा वाचवतो. पण अलीकडे तो लिहिताना हात अडतो, आणि आत काय राहून गेलं ते बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हा लेख त्या बघण्याबद्दल आहे.

मेंडेलच्या त्या बारा वर्षांत काय होतं? आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या मठाची बाग. साधारण पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद असा एक पट्टा. या माणसाला शाळेत कायमचा शिक्षक व्हायचं होतं. त्यासाठीच्या परीक्षेत तो १८५० मध्ये नापास झाला. मठाने त्याला दोन वर्षं व्हिएन्नाला शिकायला पाठवलं. १८५६ मध्ये तो पुन्हा परीक्षेला बसला आणि तीही पार पडली नाही. त्याच वर्षी त्याने वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. त्याआधी दोन वर्षं वाटाण्याच्या चौतीस जाती आणून, त्या आपल्या गुणांवर टिकून राहतात की नाही हे त्याने पारखून घेतलं होतं आणि त्यातल्या बावीस निवडल्या होत्या.

मग काम काय, तर हे. फूल पुरतं उमलायच्या आत कळी हलक्या हाताने उघडायची. आतले पुंकेसर चिमट्याने एकेक करून खुडायचे. दुसऱ्या रोपावरचे परागकण आणून स्त्रीकेसरावर लावायचे. वर कापडाची किंवा कागदाची पिशवी बांधायची, म्हणजे कीटकांमुळे गोंधळ व्हायला नको. हे एका फुलाचं झालं. आता दुसरं फूल. आठ वर्षांत अशी सुमारे अठ्ठावीस हजार रोपं त्याच्या हाताखालून गेली. शेंगा वाळल्या की दाणे सोलायचे आणि मोजायचे. एका प्रयोगात ७३२४ दाणे निघाले. त्यातले ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले. दुसऱ्या एकात ८०२३, त्यातले ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे.

५४७४ भागिले १८५०. साधारण तीनास एक. आपण शाळेत हे प्रमाण पाठ करतो आणि मोकळे होतो. मला मात्र तो आकडा बघितला की मोजणारी बोटं दिसतात. सात हजारांवर दाण्यांचा ढीग, एकेक दाणा उचलून डावीकडे किंवा उजवीकडे सारायचा, मध्येच कुणी हाक मारली की कुठवर आलो होतो ते विसरायचं. त्या ढिगाशी बसलेल्या माणसाला आपण ‘आनुवंशिकतेचे जनक’ म्हणून नोंदले जाणार हे माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो दोनदा परीक्षा हुकलेला, बदली शिक्षकाचं काम करणारा एक मठवासी होता.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५, अशा दोन बैठकांत त्याने ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळापुढे हे वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी ते छापून आलं. त्याच्या चाळीस प्रती वेगळ्या काढून त्याने मिळवल्या. आणि त्यानंतर – बघा, आला शब्द – त्यानंतर १९०० साली तीन शास्त्रज्ञांनी आपापल्या वाटेने तेच नियम पुन्हा शोधले आणि मेंडेलचं नाव वर आलं.

या दुसऱ्या ‘त्यानंतर’च्या आत तर एक अख्खी शोकांतिका आहे. म्युनिकच्या नेगेली या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाशी मेंडेलचा पत्रव्यवहार सुरू झाला. नेगेलीचा स्वतःचा अभ्यास हॉकवीड नावाच्या रानफुलावर होता. वाटाण्यात सापडलेलं तिथेही सापडतं का, हे बघायला मेंडेल त्या फुलाकडे वळला. ही फुलं इतकी बारीक की त्यांत काम करायला भिंग आणि आरसा लावावा लागे. त्यात त्याचे डोळे गेल्यासारखे झाले. आणि हॉकवीडची गंमत अशी की त्याचं बी बहुधा परागसिंचनाशिवायच धरतं. म्हणजे संकर होतच नाही, आईचीच नक्कल उतरते. ही गोष्ट तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. मेंडेलला वाटाण्यात जो नियम लख्ख दिसला होता, तो इथे काही केल्या दिसेना. स्वतःच्या खऱ्या शोधाबद्दल शंका यावी असं रोप नेमकं त्याच्या वाट्याला आलं. १८६८ मध्ये तो मठाधिपती झाला, मग मठावरच्या कराचं भांडण सरकारशी सुरू झालं, ते शेवटपर्यंत चाललं. ६ जानेवारी १८८४ ला तो गेला. त्याच्या मागे त्याचे बरेच कागद मठातच जाळले गेले.

हॉकवीडची ही वर्षं लहान नोंदींत कधीच येत नाहीत, कारण त्यांतून काही ‘निष्पन्न’ झालं नाही. पण एखाद्या माणसाला ओळखायचं तर ती मला वाटाण्याच्या वर्षांइतकीच महत्त्वाची वाटतात. यश मिळालेल्या रोपापाशी बसून राहणं तुलनेनं सोपं. जे रोप उत्तरच देत नाही त्याच्यापाशी डोळे दुखेपर्यंत बसणारा माणूस कोण होता, हे मला जाणून घ्यायचं असतं.

वाटाण्याचंच आणखी एक रोप माझ्या मनात या रोपांच्या शेजारी कायमचं लावलेलं आहे. ते दादासाहेब फाळके यांचं.

१९१२ मध्ये फाळके लंडनला विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा खरेदी करून परतले. चित्रपट काढायचा तर भांडवल हवं, आणि भांडवल देणाऱ्याला हा माणूस नेमकं काय करणार आहे ते समजायला हवं. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि त्याच जागेवरून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराहून जास्त. फिल्म धुऊन पडद्यावर सोडली तेव्हा मातीतून कोंब वर आला, पानं सुटली, वेल चढला, आणि हे सगळं मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’. ते बघून पैसे देणारे तयार झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मेंडेलचं रोप वर्ष-वर्ष घेत होतं, आणि ते आपण एका शब्दात संपवतो. फाळक्यांनी महिन्याचं मिनिट केलं, पण त्यासाठी त्यांना स्वतःला तो महिना पुरा जगावा लागला. रोज उठून कुंडीपाशी जायचं, कॅमेरा हलला नाही ना बघायचं, थोडंसं हँडल फिरवायचं आणि उद्याची वाट बघायची. नोंदीत मीही तेच मिनिट दाखवते. महिना दाखवायची सोय नसते.

फाळक्यांच्या बाबतीत एक प्रसंग सगळे सांगतात. त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. प्रसंग खरा आहे, त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. पण ‘एका क्षणात आयुष्य बदललं’ या छापाची वाक्यं मला आता पटत नाहीत. फाळके तेव्हा चाळिशीला आले होते. जे. जे.मध्ये चित्रकला झाली होती, बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण झालं होतं. गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ टाकला होता, तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात नकाशे-रेखाटनाची नोकरी केली, सोडली. छपाईचा धंदा काढला, रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला जर्मनीला जाऊन आले, मग भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. मध्येच जादूचे प्रयोग शिकले आणि आपलं आडनाव उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळ केले.

जुन्या एका नोंदीत मी या साऱ्यासाठी लिहिलं होतं, ‘त्यांनी विविध व्यवसाय करून पाहिले.’ वाचणाऱ्याला वाटावं, माणूस धरसोडीचा होता. आज मागे वळून बघताना सहज म्हणता येतं की सिनेमाला लागणारी प्रत्येक गोष्ट – प्रकाश, रसायनं, पडदे रंगवणं, बघणाऱ्याच्या नजरेला चकवणं – हा माणूस नकळत गोळा करत होता. म्हणता येतं, पण तेही मला पुरतं प्रामाणिक वाटत नाही. कारण फाळक्यांनी छपाई सिनेमासाठी शिकली नव्हती. ती छपाईसाठीच शिकली होती. आणि ती सुटली तेव्हा ते घरात बसलेले, धंदा गमावलेले, हाताशी काही नसलेले चाळिशीतले गृहस्थ होते. त्या दिवसांचा अर्थ पुढच्या दिवसांनी लावला. त्या दिवसांना स्वतःला तो अर्थ माहीत नव्हता. सतत चित्रपट बघण्यात आणि प्रयोगांत फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, उपचारांनी ती परत आली. त्या अंधारातल्या दिवसांत ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ हे शब्द त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हते. पत्नी सरस्वतीबाई होत्या.

सरस्वतीबाईंबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. कच्ची फिल्म तेव्हा कडेला भोकं न पाडलेली यायची. अंधाऱ्या खोलीत बसून त्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्या करत. फिल्म धुण्यात त्यांचा हात असे. चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवायला पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. शिवाय युनिटमधल्या साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक. पैसे उभे करताना त्यांचे दागिने गेले ते वेगळंच. अंधारात फिल्मला भोक पाडणं म्हणजे काय, याचा विचार करा. दिसत काही नाही, बोटांनी कड चाचपायची, अंतर चुकलं तर पुढे सगळं चित्रच थरथरणार. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फुटांचा होता. ही भोकं बोटाच्या पेराएवढ्या अंतरातही अनेक असतात. कुठल्याही नोंदीत ‘पत्नी सरस्वतीबाई यांचे साहाय्य लाभले’ एवढंच येतं.

साहाय्य. हा ‘त्यानंतर’चा सख्खा भाऊ.

या शब्दाने माझ्या हातून एक चूक घडली आहे, तिची टोचणी अजून आहे. खूप वर्षांपूर्वी मी खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शेलची नोंद लिहिली होती. तिच्यात वाक्य होतं, ‘त्यानंतर त्यांनी बंधू विल्यम यांना संशोधनात साहाय्य केले.’ नोंद तशीच छापली गेली. कुणी काही म्हटलं नाही. पुढे दुसऱ्याच कामासाठी मी तिच्या आठवणी वाचायला घेतल्या आणि दोन दिवस त्यांतून बाहेर पडले नाही.

विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. हॅनोव्हरहून इंग्लंडला आलेला, बाथमध्ये ऑर्गन वाजवणारा, शिकवण्या करणारा. १७७२ मध्ये त्याने धाकट्या बहिणीला बाथला आणलं. लहानपणी टायफसने तिची वाढ खुंटली होती, उंची जेमतेम सव्वाचार फूट. ती गायला शिकली आणि चांगलं गाऊ लागली. तिला तिची स्वतःची मिळकत, तिचं स्वतःचं नाव होऊ घातलं होतं. तेवढ्यात भावाला दुर्बिणींचं वेड लागलं आणि घराचा कारखाना झाला. दुर्बिणीचा आरसा ओतायला साचा हवा. तो घोड्याच्या लिदीचा. ती लीद कुटून चाळायचं काम कॅरोलिनकडे. आरसा घासायला एकदा बसलं की हात काढता येत नसे. एकदा विल्यम सोळा तास सलग घासत होता, आणि ती त्याला घास भरवत होती, वाचून दाखवत होती. १३ मार्च १७८१ ला विल्यमने युरेनस शोधला, राजाने त्याला वर्षासन दिलं, आणि भावाचा संगीताचा धंदा बंद झाला तसं बहिणीचं गाणंही बंद झालं. तिला कुणी विचारल्याचं दिसत नाही.

मग रात्री. भाऊ दुर्बिणीवर उभा राहून दिसेल ते ओरडून सांगणार, ही खाली बसून वेळ आणि जागा टिपणार. थंडी अशी की दौतीतली शाई गोठायची. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री जमिनीवर फूटभर बर्फ होतं. आभाळ जरा उघडलं म्हणून घाईघाईत कामाला लागले. दुर्बिणीची दिशा बदलायला ती अंधारात धावली आणि यंत्राला लावलेल्या लोखंडी आकड्यावर पडली. आकडा गुडघ्याच्या वर मांडीत घुसला. माणसांनी तिला उचललं तेव्हा जवळजवळ दोन औंस मांस आकड्यालाच राहिलं. हे तिने स्वतः लिहिलं आहे. आणि पुढे असंही लिहिलं आहे की त्या रात्री नंतर आभाळ भरूनच राहिलं, त्यामुळे आपल्या अपघाताने भावाची निरीक्षणं बुडाली नाहीत याचं आपल्याला समाधान आहे.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं.

त्या बाईने पुढे १ ऑगस्ट १७८६ ला स्वतःचा पहिला धूमकेतू शोधला, मग आणखी सात. १७८७ पासून राजाकडून तिला वर्षाला पन्नास पौंड पगार मिळू लागला. १८२८ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक. सत्त्याण्णव वर्षं जगली. पण माझ्या नोंदीत ती ‘साहाय्य’ करत होती.

दुसऱ्या एका बाईची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तिला साहाय्यक असं फारसं कुणी नव्हतं आणि तिने ते मागितलंही नाही. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक. १९२७ ला कॉर्नेलमधून डॉक्टरेट, तिशीच्या आत जगभर नाव. १९४१ पासून ती न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला होती. तिचं पीक मका. मक्याचं कणीस हे तयार हिशेबाचं पान असतं, कारण त्यावरचा प्रत्येक दाणा हे वेगळं अपत्य. दाण्यावर रंगाचे ठिपके असतात, काही मोठे, काही बारीक. तिला त्या ठिपक्यांत काळ दिसायचा. रंगाचं जनुक दाण्याच्या वाढीत लवकर पुन्हा जागं झालं तर ठिपका मोठा, उशिरा जागं झालं तर बारीक. आणि ते झोपतं-जागतं कसं, तर गुणसूत्रावरचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात म्हणून. जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागच्या जागी असतात हे ज्या काळी सगळे धरून चालले होते, त्या काळी तिने १९५१ च्या परिषदेत हे मांडलं. ऐकणाऱ्यांना ते पोचलं नाही. १९५३ नंतर तिने या विषयावर शोधनिबंध छापायलाच पाठवणं थांबवलं. संस्थेच्या वार्षिक अहवालात टिपणं देत राहिली. १९८३ ला, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, एकटीला नोबेल.

१९५३ ते १९८३. तीस वर्षं. नोंदीत इथे ‘त्यानंतर’ टाकताना बहुतेक जण ‘उपेक्षा’ हा शब्दही जोडतात. उपेक्षा झाली, यात शंका नाही. पण त्या तीस वर्षांत दर उन्हाळ्यात मका उभा राहत होता. तुऱ्यांना पिशव्या बांधल्या जात होत्या, परागसिंचन हातानेच होत होतं, कणसं वाळत होती, दाणे सूक्ष्मदर्शकाखाली जात होते. बाहेरून बघणाऱ्याला ती ओसाड वर्षं वाटतात. ती शेतात होती. तिला जे बघायचं होतं ते रोज बघायला मिळत होतं. तिच्यासाठी या वर्षांना काय म्हणायचं हे आपण बाहेरून ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिकोची वर्षं मात्र तिला स्वतःलाच बोचली असणार. १९८५ मध्ये हंगेरीतली नोकरी गेली, नवरा आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन ती अमेरिकेला निघाली. देशाबाहेर पैसे न्यायला बंदी होती, म्हणून गाडी विकून आलेले नऊशे पौंड मुलीच्या टेडीत शिवून नेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संदेशवाहक आरएनएवर, म्हणजे कोणतं प्रथिन बनवायचं हा निरोप पेशीत पोचवणाऱ्या रेणूवर, काम करायचं म्हटलं की अनुदान मिळेना. १९९५ मध्ये तिचं पद खाली आणलं गेलं. ज्या जागेवरून माणूस वर जातो, त्या जागेवरून ती खाली आली आणि तरी प्रयोगशाळेत जात राहिली. पुढे फोटोकॉपीच्या यंत्रापाशी ड्रू वाइसमनशी ओळख झाली. आरएनए शरीरात सोडलं की प्रतिकारयंत्रणा खवळते, ही अडचण होती. त्यातला एक घटक किंचित बदलला तर ती खवळत नाही, हे दोघांनी २००५ मध्ये दाखवलं. तेव्हा जगाने फारशी दखल घेतली नाही. पंधरा वर्षांनी, कोविडच्या साथीच्या काळात, त्याच पायावरच्या लसी कोट्यवधी दंडांत गेल्या. २०२३ ला नोबेल.

अशा गोष्टी सांगताना मला एक भीती वाटते. ऐकणाऱ्याच्या मनात चटकन ‘चिकाटीचं फळ मिळतंच’ तयार होतं. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. चरित्रकोशात फळ मिळालेल्यांचीच नावं असतात, म्हणून तसं वाटतं. पद खाली आणल्यावरही काम करत राहिलेली आणि ज्यांच्या शोधाला साथ, लस, नोबेल काहीच लाभलं नाही अशी माणसं माझ्या टेबलावर येतच नाहीत. आणि जी येतात त्यांतल्या कितीकांना फळ हयातीत दिसलं नाही. मेंडेल सोळा वर्षांनी चुकला. फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले तेव्हा त्यांनी ज्याचा पाया घातला त्या धंद्याला त्यांची आठवण राहिली नव्हती.

आनंदीबाई जोशींच्या नोंदीत तर ‘त्यानंतर’ टाकायला जागाच नाही. ३१ मार्च १८६५ चा जन्म. मेंडेलचं दुसरं वाचन होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते, हा नुसता योगायोग, पण सनावळ्यांत वावरणाऱ्याला असले योगायोग दिसत राहतात. १८८३ मध्ये कलकत्त्याहून एकट्या निघाल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूक झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. वय एकवीस. शिकलेलं सगळं वापरायचं राहिलं. नोंद लिहिताना हात नेहमीच्या सवयीने पुढच्या वाक्याकडे जातो आणि पुढे वाक्य नसतं.

त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे धोंडो केशव कर्वे एकशेचार वर्षं जगले. परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्याला पायी गेलेला आणि ‘वय लहान दिसतं’ म्हणून परत पाठवलेला मुलगा. १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९६ ला अनाथ बालिकाश्रम, १९१६ ला महिला विद्यापीठ, १९५८ ला भारतरत्न. या ठळक सनांच्या मधे पुण्याजवळच्या हिंगण्याचा रस्ता आहे. १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात बीजगणित, मग चिखलातून पायी हिंगणे, तिथे मुलींना शिकवणं, पुन्हा परत. शिवाय गावोगाव फिरून वर्गणी. दोन रुपये, पाच रुपये, कधी नुसता अपमान. शंभराव्या वर्षी मिळालेल्या सन्मानाचं छायाचित्र सगळीकडे छापलेलं असतं. मला त्या रस्त्यावरचे त्यांचे पाय बघायला हवे असतात. पावसाळ्यात वहाणा हातात घेऊन चालत असतील का? याचं उत्तर नोंदीत लिहिता येणार नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. पण तपासताना मनात येतं.

चरित्रकोशाची सुधारित आवृत्ती सध्या तयार होते आहे. शब्दमर्यादा तीच. कॅरोलिन हर्शेलची नोंद मी मागून घेतली. दोनशे शब्दांत एक वाक्य वाढवायचं तर दुसरं काहीतरी काढावं लागतं. मी दोन मानद सदस्यत्वं काढली आणि तिच्या नावाच्या लघुग्रहाचा उल्लेख काढला. ‘साहाय्य केले’ खोडलं. त्या जागी लिहिलं की आरशाच्या साच्यांपासून रात्रीच्या नोंदींपर्यंतचं काम तिच्याकडे होतं, आणि ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्री निरीक्षण चालू असताना तिच्या पायाला गंभीर दुखापत झाली.

पान तपासून परत आलं. समासात पेन्सिलीने प्रश्न होता, ‘दुखापतीचा तपशील आवश्यक आहे का?’

मी खाली ‘आहे’ एवढंच लिहिलं आणि पान पुढे पाठवलं.